‘बंद’वर ठेवलेली पेटी

गुरुवार, १८ एप्रिल १९९१. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

जळगावात मेहरूणच्या बाजूला आमची पत्र्याची शेड होती. मी एकटाच आत होतो. चाचणीच्या फळीवर आम्ही बनवलेली पेटी टांगलेली होती आणि तिची मूठ ‘बंद’ या शब्दावर होती. वीज आली. पेटीत खट्ट आवाज झाला आणि शेजारची मोटर फिरू लागली.

ती फिरायला नको होती.

मी मेन स्विच ओढला. मोटर थांबेपर्यंत उभा राहिलो. 

ही पेटी म्हणजे शेतातल्या पंपाचा आपोआप चालू होणारा स्टार्टर. खानदेशात शेतीची वीज पाळ्यांनी येई. एका आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात मध्यरात्री. वीज आली की पंप स्वतः चालू व्हावा आणि शेतकऱ्याला झोप मिळावी, इतकाच हेतू होता.

उद्योगात आम्ही तिघे होतो. मी धुळ्याच्या एका तंत्रशाळेतून निवृत्त झालेला वीजतंत्राचा शिक्षक. दुसरा माझा जुना विद्यार्थी. तो पुढे अभियंता झाला आणि पुण्याची नोकरी सोडून परत आला. पेटीतले इलेक्ट्रॉनिक कार्ड त्याचे. तिसरे जळगावचे कापसाचे व्यापारी. आम्ही त्यांना शेठ म्हणत असू. भांडवल त्यांचे होते. नव्या धंद्यात पैसा घालणाऱ्यांना आज मोठमोठी नावे आहेत. तेव्हा हे व्यवहार गादीवर बसून, चहाच्या दोन कपांत ठरत.

वाद एकच होता आणि तो जानेवारीपासून चालू होता. मी म्हणत होतो, एक पूर्ण उन्हाळा पेटी शेतात टांगून पाहावी, मग विकावी.

“मास्तर, तुमचा उन्हाळा संपेपर्यंत दक्षिणेतली कंपनी इथं दुकान थाटेल,” शेठ म्हणाले होते. “मग आपण काय टांगायचं? तोरण?”

“सर, जो आधी पोहोचतो त्याचंच नाव चालतं,” अभियंता म्हणाला. “राहिलेल्या चुका पुढच्या मालात काढू. सगळीकडे असंच करतात.”

“विजेच्या मालाला ही सवलत नाही,” मी म्हणालो.

असे म्हणालो आणि तरीही नमलो. शेडमध्ये चौदा दिवस चाचण्या घेतल्या आणि उत्तीर्ण म्हणून सही केली. मार्चमध्ये सहा पेट्या विकल्या गेल्या.

त्या सकाळी चूक कोठे आहे हे शोधायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. ती माझ्या शिक्षणाला लाज आणणारी होती. पेटीत रिले होता, म्हणजे मोठ्या स्विचला हुकूम देणारी छोटी कळ. तो एकदा लागला की वीज गेली तरी लागलेलाच राही. वीज असताना मूठ बंद केली तर रिले सुटे. वीज गेल्यावर मूठ बंद केली तर त्याला पेटीत साठलेल्या थोड्या विजेवर सुटावे लागे. उन्हाने तापलेल्या पेटीत हा साठा टिकत नव्हता. रिले चालूच राही, मूठ मात्र ‘बंद’ दाखवी. पुढच्या वेळी वीज आली की मोटर सुरू. आदल्या संध्याकाळी वीज गेल्यावर मूठ मीच फिरवली होती.

आम्ही प्रत्येक चाचणी वीज असताना घेतली होती. शेतकरी मूठ फिरवतो ती वीज गेल्यावर. मुठीची तार थेट मोठ्या स्विचमधून नेली असती तर हे घडलेच नसते. तीस वर्षे मुलांना मी हेच शिकवले होते.

अभियंता साडेसातला आला. मी त्याला दाखवले. त्याचा चेहरा उतरला.

“सर, कार्डात बदल करून—”

“कार्ड राहू दे. सहा पेट्या शेतात आहेत. आज काय वार आहे?”

“गुरुवार.”

वार मला माहीत होता. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता, इतकेच. धुळ्यापलीकडच्या एका गावात आमची एक पेटी होती. मालकीण पन्नाशीची विधवा. सारे गाव तिला अक्का म्हणे, मीही म्हणे. विहिरीचे पाणी खाली गेले म्हणून मोटर खालच्या टप्प्यावर उतरवायची होती. मंगळवारी तिचा पुतण्या जळगावला येऊन लांब तार घेऊन गेला होता, तो त्याचसाठी. तार मीच कापून दिली होती. तो म्हणाला होता, गुरुवारी, लाईट यायच्या आत.

त्या आठवड्यात त्यांची वीज दुपारी एक वाजता येत होती.

चोपड्याकडच्या पाच पेट्या आणायला अभियंता मोटारसायकलवर गेला. मी अक्काच्या गावातल्या सोसायटीच्या फोनसाठी ट्रंक कॉल लावला. लाईन बंद होती. आठची धुळे एसटी मला मिळाली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मला ती गोष्ट आठवली, जी सकाळपासून आठवायला हवी होती.

पेटी बसवायला मी स्वतः गेलो होतो. अक्काची एक पद्धत होती. विहिरीत माणूस उतरायचा असला की ती बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपसून पदराच्या गाठीत बांधी. माणूस वर आल्याशिवाय गाठ सोडत नसे. वीज असो वा नसो. पेटी बसल्यावर तिने मला टोमणा मारला होता, “मास्तर, हाऊ डबा रातले मन्हा ऐवजी उठी का?” आणि मी, मालाची थोरवी सांगण्याच्या भरात, म्हणालो होतो, “उठेल. आणि अक्का, आता फ्यूज काढण्याचीही गरज नाही. मूठ ‘बंद’वर करायची, झाले.”

हे वाक्य मी पारोळ्यापर्यंत मनात पुन्हा पुन्हा ऐकले. त्यात कोठेही पळवाट नव्हती.

पारोळ्याला चालक चहाला उतरला. मी वाहकाला म्हणालो, “गाडी काढा. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“आबा, प्रत्येक गाडीत एक जिवाचा प्रश्न असतोच,” तो म्हणाला. “बसा खाली.”

धुळ्याला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. गावाची बस नुकतीच गेली होती. मी रिक्षा केली. रिक्षावाला तरुण आणि बोलका होता.

“काका, एवढी घाई? घरी बाळंतपण आहे का? दवाखाना तिकडं ऱ्हायला.”

“गाडी पळव,” मी म्हणालो. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि वेग वाढवला.  डोळ्यांपुढे एकच चित्र होते: विहिरीतल्या अरुंद टप्प्यावर माणसे, मध्ये मोटर, आणि मोटर व पंप यांना जोडणारा उघडा दांडा. तो फिरू लागला की धोतराचा सोगा आधी ओढला जातो.

गावात उतरलो तेव्हा एकला अठरा मिनिटे कमी होती. शेत पुढे अर्धा मैल. रिक्षा नांगरटीत जाईना. मी पळालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस ज्याला पळणे म्हणतो, ते.

विहिरीच्या काठावर दोन गडी दोर धरून होते. अक्का बाभळीखाली, पेटीच्या खांबाशी बसली होती. तिच्या पदराला गाठ नव्हती.

“अरे मास्तर! भर उन्हमा कसाले उनात?”

“विहिरीत कोण आहे?”

“पुतण्या शे, आखो दोन जण.”

“वर काढा. आत्ताच्या आत्ता.”

“मोटर अधांतरी आहे, मास्तर,” दोर धरणारा एक जण म्हणाला. “सोडली तर त्यांच्याच डोक्यावर जाईल. दहा मिनिटं थांबा.”

मग बोलण्यात अर्थ नव्हता. मी बोर्डापाशी गेलो. पहिला फ्यूज निघाला. दुसरा निघाला. तिसरा धुळीने गच्च बसला होता आणि माझी घामट बोटे त्यावरून घसरत होती. मी रुमाल गुंडाळला, पाय खांबाला लावला आणि ओढला. फ्यूज हातात आला आणि मी मागे जमिनीवर बसलो.

दोर धरणारे हसले. “मास्तर, लाईट नाहीच तर घाबरता कशाला? अन् मूठ तर बंदवर आहे ना!”

विहिरीतून आवाज आला, “काय झालं वर?”

“जळगावचे मास्तर कुस्ती खेळत आहेत. फ्यूजसंगे.”

मी तिन्ही फ्यूज शर्टाच्या खिशात घातले, खिशावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिलो. मोटर खालच्या टप्प्यावर टेकली. एक वाजला. बोर्डाच्या वरच्या बाजूला, जिथे फ्यूजच्या आधी वीज येते, मी तपासणीचा दिवा लावला. तो पेटला. त्या वेळी तीनही माणसे खालीच होती. शेवटचा, पुतण्या, एक वाजून नऊ मिनिटांनी वर आला. त्याने घाम पुसला आणि मला विचारले, “मास्तर, तार पुरेल ना?”

मला गप्प राहता आले असते. पेटीत किरकोळ बिघाड आहे, बदलतो, असे सांगून ती काढून नेता आली असती. भागीदारीच्या दृष्टीने ते सोयीचेही होते. पण अक्का माझ्या खिशाकडे पाहत होती.

मी मोटरच्या तारा पेटीतून सोडवल्या. मूठ हलवली नाही. ती सकाळपासून जशी होती तशीच, ‘बंद’वर होती.

“सर्वांनी पाहा,” मी म्हणालो आणि फ्यूज एकामागून एक बसवले.

तिसरा बसताच पेटीत खट्ट आवाज झाला.

आता कोणी हसले नाही. पुतण्या विहिरीकडे पाहत राहिला. मग हळूच खाली बसला.

 फ्यूज पुन्हा काढून मी अक्काच्या हातात दिले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मास्तर, तुम्हना घरनं कोणी हिरमा उतरस का?”

“नाही, आमच्या घरचं कोणी विहिरीत उतरत नाही,” मी म्हणालो.

“मंग डबा लई जा.”

तिने फ्यूज पदरात बांधले. मी पेटी काढली, तिचा जुना हाताचा स्टार्टर गोठ्यातून आणून खांबावर बसवला आणि तारा जोडल्या. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो तसाच परत दिला. उन्हाळी भुईमुगाला पाणी सुरू झाले तेव्हा तीन वाजत आले होते.

जळगावला रात्री आठच्या सुमारास पोहोचलो. अभियंता चोपड्याहून पाचही पेट्या घेऊन परतला होता. त्या शेडमध्ये एका ओळीत ठेवलेल्या होत्या. शेठ उभे होते. मी घडले ते सांगितले.

“कोणाला काही झालं का?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग एवढं तोंड का पाडता? एक तार वाढवायची ना? सोमवारी वाढवू, मंगळवारी पेट्या परत खांबावर. गावात बभ्रा व्हायच्या आत. कंपनीचा माणूस परवा धुळ्यात दुकानं पाहून गेला म्हणतात.”

“एक तार वाढवून ही चूक जाईल,” मी म्हणालो. “दुसरी कोणती आहे ते मला माहीत नाही. सकाळपर्यंत ही पण माहीत नव्हती. एक उन्हाळा, शेठ.”

“उन्हाळ्यासाठी मी भांडवल घातलेलं नाही.”

“मग काढून घ्या.”

शेठ अभियंत्याकडे वळले. “तू बोल. तुझं कार्ड आहे.”

तो ओळीतल्या पेट्यांकडे पाहत राहिला. शेठ चपला घालून निघून गेले. उद्योग त्या वेळीच संपला. कागदोपत्री संपायला पुढे दोन महिने गेले.

मी पक्कड घेतली. अक्काची पेटी उघडून तिच्यातला रिले मुळापासून कापून काढला, म्हणजे ती पेटी कोणालाही, माझ्या पश्चातही, खांबावर लावता येणार नाही. मग दुसरी घेतली. अभियंता समोर उभा राहून पाहत होता. तीन वर्षांचे त्याचे काम होते. चौथ्या पेटीनंतर त्याने पाचवी स्वतः उघडून माझ्यापुढे सरकवली, मग सहावी.

शेवटी फळीवरच्या पेटीतलाही रिले कापला. कापलेले सातही रिले मी डब्यात टाकले, पक्कड पुसून खिळ्याला अडकवली आणि शेडचा मेन स्विच खाली केला.