घरटी एक गडी

मुखरूभाऊ चौथी पास होते, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात चावडीच्या भिंतीवर कोळशानं नोटीस लिहायचं काम त्यांचं. पगार एक दमडीही नाही, पण रुबाब केवढा! लिहिताना मागं कोणी खोकलं तर वळून असे बघत की बिचाऱ्याचा खोकला तिथंच बसावा. लिहून झालं की चार पावलं मागं सरून स्वतःच मोठ्यानं वाचत, कारण गावात वाचणारं दुसरं कोणी नव्हतंच.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली त्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तलावाची पाळ, म्हणजे बांध, आता गावानंच दुरुस्त करायची होती. आठ दिवस तलावातला गाळ टोपल्यानं पाळीवर टाकायचा, नवव्या दिवशी उरल्यासुरल्या पाण्यातली मासोळी धरायची आणि घरटी एक वाटा घ्यायचा. मुखरूभाऊंनी झोकात लिहिलं, "तमाम बंधूंस कळविण्यात येते की, घरटी एक गडी हजर राहावा." खाली प्रत्येक घरच्या कर्त्याचं नाव. ही सारी भाषा मालगुजाराच्या मुनिमाची. मालगुजार गेला, मुनीम गेला, भाषा तेवढी मुखरूभाऊंनी सांभाळून ठेवली होती.

ते वाचत होते तेवढ्यात गुणाबाई येऊन उभी राहिली.

"मुखरूभाऊ, माह्या घरचा गडी तं माजरीले कोळसा खोदून राह्यला. मंग मी येऊ का नको?"

"ये ना. तुले कोन अडवते?"

"मागच्या सालीबी आली होती जी. आठ दिवस गाळ टाकला. अन् वाटतानी दादाजीभाऊ म्हनले, भिंतीवर गडी लिहिलं हाये, बाईले अर्धाच वाटा. घरी सासू न तीन लेकरं. अर्ध्या वाट्यात कोनाले काय देऊ? यंदा असं लिहा का मीबी पुरी मोजली जाईन."

मुखरूभाऊंना हे म्हणजे अक्षर चुकल्यासारखंच झोंबलं. "गुणाबाई, लिहिन्याची एक रीत असते. गडी म्हटलं का त्यात बाई आलीच."

"कामाले आली जी. वाट्याले काऊन नाई आली?"

मुखरूभाऊ चिडले. भिंतीवर सावली पडून राह्यली, बाजूले हो, म्हणाले. गुणाबाई बाजूला झाली, पण दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन सगळ्यांच्या आधी तलावात उतरली.

आठही दिवस मुखरूभाऊ मोहाच्या झाडाच्या सावलीत बसून देखरेख करत होते. नवव्या दिवशी चावडीपुढं पळसाच्या पानांवर मासोळीचे वाटे लागले. गावचे पंच दादाजी एकेक नाव घेत गेले. मुखरूभाऊंचं नाव आलं, पुरा वाटा. गुणाबाईपाशी आले आणि म्हणाले, "हिले अर्धा."

गुणाबाई वाट्यापुढं फतकल मारून बसली. "मंग मुखरूभाऊलेबी अर्धाच."

सगळे हसले. "काऊन? मुखरू गडी नाई का?"

"हायेत ना! पन पाळीवर गडी कुठी आला? आठ दिवस माह्या मागं टोपलं घेऊन मैनाबाई होती."

सगळ्यांच्या माना मुखरूभाऊंच्या बायकोकडं वळल्या. तिच्या केसांत अजून वाळलेला गाळ होता. ती हळूच म्हणाली, "मागच्या सालीबी मीच होती."

मग काय, बायका एकेक करून बोलू लागल्या. आमच्या घरूनबी मी, आमच्याबी घरून मीच. दादाजींच्या घरून त्यांची सून आली होती, हे दादाजींना नेमकं तेव्हाच आठवलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

मुखरूभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या साली मासोळीचं मोठं डोकं आपल्या ताटात होतं. मैनेनं काय खाल्लं, हे आपण विचारलंसुद्धा नाही. त्यांनी धोतराच्या सोग्यानं भिंतीवरचा "गडी" खसाखसा पुसला आणि लिहिलं, "गडी अथवा बाई."

"आमच्या घरून तं पोरगी आली होती," गर्दीतला लच्छू ओरडला.

"अथवा पोरगी." मग कोणी म्हणे पोरगा, कोणी म्हणे सासरा. मुखरूभाऊ अथवा, अथवा करत खिडकीपाशी पोचले. भिंत संपली, हातातला कोळसाही संपत आला.

"अवो," मैना म्हणाली, "एवढं काऊन घासून राह्यले? 'घरटी एक टोपलं' लिहा ना. गाळ तं टोपल्यानंच वाह्यला."

मुखरूभाऊंनी सगळे अथवा पुसले आणि ठळक लिहिलं, "घरटी एक टोपलं." मग आपल्या नावावर हात फिरवून तिथं "मैना" लिहिलं. चार पावलं मागं सरले, पण बायकोचं नाव चारचौघांत नुसतं पुटपुटले. दादाजींनी गुणाबाईच्या पानावर उरलेला अर्धा वाटा ओतला. ती पान उचलून तरातरा घरी निघाली.

मैना मात्र भिंतीकडं बघत उभी होती.

"माहं नाव कोनतं?"

मुखरूभाऊंनी बोट ठेवलं.

"बरं हाये," ती म्हणाली, आणि गाळानं माखलेलं टोपलं त्यांच्या हातात दिलं. "आता गडी का बाई, भानगडच मिटली. पुढच्या साली तुमी जा."