केवड्यातला कोळी

शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढायची, चिमूटभर ज्वारीचं पीठ जाळ्यावर फुंकायचं आणि मग म्हणायचं, "मॅडम, कोळी मागनं. आधी जाळं बघा." हे आमचे चाचा. मुरुमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. चाचा तिथं प्रयोगशाळेत परिचर होते. पिठानं जाळ्याचा धागान् धागा उठून दिसायचा. असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, पगार कमी आणि नजर सगळ्यांत पक्की.

एका वर्षी सहल कोकणात गेली. खाडीकाठच्या केवड्याच्या बनात मला एक कोळी दिसला, जवळजवळ काळा, पाठीवर पांढरे ठिपके. माझ्या पुस्तकात असा नव्हता. नवी जात! शोधनिबंधावर माझं नाव कसं दिसेल, इथपर्यंत मी पोचलेही.

चाचांनी पीठ फुंकलं. पानांच्या काट्यांमध्ये ताणलेला जाळीचा तंबू दिसू लागला. त्याला बोट लावून ते म्हणाले, "चिकट न्हाय. ह्यो आपल्याकडचाच हाय, मॅडम. निवडुंगावर लई हायत. रंग तेवढा येगळा."

साऱ्या विद्यार्थ्यांसमोर मी म्हणाले, "चाचा, तुम्ही दहावी नापास. जात ठरवायचं माझ्यावर सोडा."

"व्हय, नापासच हाय," चाचा म्हणाले आणि पुढं चालू लागले.

मी निबंध लिहून काढला. तो पाठवायच्या आदल्या दिवशी चाचांनी कॉलेजमागच्या निवडुंगावरची एक मादी आणून माझ्या टेबलावर ठेवली. कोळ्याची जात मादीच्या पोटाखालच्या खुणेवरून ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली ही आणि मी केवड्यातून आणलेली, दोघींच्या खुणा तंतोतंत सारख्या निघाल्या. निबंध छापायला गेला असता तर जन्माचं हसं झालं असतं.

"तुमचंच बरोबर होतं," मी म्हणाले.

"कागूद गेला न्हाय, बरं झालं," एवढंच ते बोलले. माफी मागणं मला तेव्हा जड गेलं, ती राहूनच गेली.

गेल्या उन्हाळ्यात चाचा वारले. मला आठवतो तो त्यांच्या निवृत्तीचा निरोप समारंभ. मी दहा मिनिटं बोलले. वक्तशीरपणा, प्रामाणिकपणा, सगळं आलं. केवड्यातला कोळी तेवढा मी गाळला, कारण तो सांगायचा तर माझं ते वाक्यही सांगावं लागलं असतं. गळ्यात हार घालून बसलेल्या चाचांना हे कळलं असणारच. माझं भाषण संपलं, तेव्हा पहिली टाळी त्यांनीच वाजवली.