एकमताने मंजूर

बस डेपोच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं ब्रेक दुरुस्त करणाऱ्या फिटरचं अक्षर इतकं सुरेख होतं, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस चुकून ग्रीसमध्ये पडला. याच अक्षरापायी तो युनियनचा सेक्रेटरी झाला आणि याच अक्षरानं त्याचा घात केला. अर्थात नुसत्या अक्षरानं घात होत नाही, त्याला माणूस लागतो. तोही जवळचा.

युनियन लाल झेंड्याची. बाहेरच्यांना वाटायचं, लाल झेंड्याखालची सगळी डोकी एकाच साच्यातून काढलेली असतात. त्यांनी एकदा समितीच्या खोलीत येऊन बसायला हवं होतं. टायरच्या गोदामामागची पत्र्याची खोली, एक लांब टेबल, अकरा खुर्च्या आणि निदान पाच पक्ष. एकाला अख्खा डेपो कामगारांच्या ताब्यात हवा, तोही येत्या सोमवारपर्यंत. दुसऱ्याला पगारवाढ मिळाली की क्रांती झाली. तिसरा धुराबद्दल आणि स्वच्छ हवेबद्दल बोलायला लागला की चौथा ओरडायचा, "आधी पोटाचं बघ रे बाबा, मग फुप्फुसाचं!"

पण त्या खोलीचा एक नियम होता. आत वाट्टेल ते बोला, एकमेकांची गचांडी धरा. दार उघडलं की सगळ्यांचं तोंड एक. कोण काय बोललं ते नोंदवहीत लिहायचं नाही. फक्त ठराव लिहायचा आणि त्यापुढे दोन शब्द, 'एकमताने मंजूर'. फिटरनं बावीस वर्षं ते दोन शब्द लिहिले. खुर्च्या उडाल्या त्या दिवशीही लिहिले. स्टोअरकीपरला युनियनमधून काढलं त्या दिवशीही लिहिले. तो बिचारा समोर बसून डोळे पुसत होता आणि फिटर मान खाली घालून वळणदार 'ए' काढत होता.

फिटरचे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, उजव्या पक्षाचे वॉर्डप्रमुख. त्यांचं रंगाचं आणि खिळ्या-स्क्रूंचं दुकान होतं. दर रविवारी सकाळी फिटर तिथे जायचा, डब्यांच्या मांडणीमागच्या स्टुलावर बसायचा आणि दोन कप चहा होईपर्यंत दोघं कडाकडा भांडायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, आता डोकी फुटणार. पण खरी गंमत वेगळीच होती. आपापल्या पक्षात जे बोलायची सोय नव्हती, ते ही दोन माणसं त्या मांडणीमागे बोलून मोकळी व्हायची.

त्या वर्षी डेपोत विजेच्या बस येणार होत्या आणि त्या चालवायला बाहेरचा ठेकेदार. युनियननं ठरवलं, विजेची बस फाटकातच अडवायची. फिटरला ते पटत नव्हतं.

"बस अडवून काय होणार? आज ना उद्या ती येणारच," तो मेहुण्यांना म्हणाला. "आम्हालाच तिचं काम शिकवा म्हणावं. एकशे चाळीस माणसं आहोत. ठेकेदाराची गरजच काय?"

"दाजी, तुमच्या लोकांत शोभत नाही तुम्ही," मेहुणे हसले. "आणि माझी तरी काय वेगळी कथा? आमच्या पक्षातले निम्मे म्हणतात, सगळं ठेकेदाराला देऊन टाका, बाजार काय ते बघून घेईल. मी म्हणतो, डेपो आपल्या गावाचा, आपल्या बापजाद्यांनी उभा केलेला, परक्याच्या घशात का घालायचा? तर मलाच म्हणतात, तुम्ही मेहुण्याच्या नादानं लाल झालात!"

एक उजवा आणि एक डावा, दोघंही आपापल्या घरात परके. दोघांना त्याचं भारी हसू आलं.

संपाच्या आदल्या आठवड्यात युनियनचे अध्यक्ष फिटरच्या घरी आले. हा अध्यक्ष आणि फिटर एकाच दिवशी कामाला लागलेले, एकाच खड्ड्यात उतरून बसच्या पोटाखाली काम शिकलेले. एकाचा हात ब्रेकच्या ड्रममध्ये अडकला तेव्हा दुसऱ्यानं तो सोडवला होता. त्याच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या हातावर संशय घेण्यासारखं.

"गड्या, तुझं म्हणणं मला पटतंय," अध्यक्ष म्हणाले. "पण पोरं तापलीत. आत्ता बोललास तर तुला फाडून खातील. तू एका कागदावर नीट लिहून दे. वेळ बघून मीच मांडतो."

फिटरनं लिहून दिलं. एक पान, सात मुद्दे, ते सुरेख अक्षर. नुकताच कामावरून आला होता, म्हणून कोपऱ्यात तेलकट अंगठा उमटला. समितीत मात्र त्यानं चकार शब्द काढला नाही. संपाच्या ठरावाला हात वर केला, नोंदवहीत 'एकमताने मंजूर' लिहिलं आणि दुसऱ्या सकाळपासून फाटकावर घसा फोडून घोषणा दिल्या. नियम म्हणजे नियम.

चौदाव्या दिवशी व्यवस्थापनानं फाटकावर एक पत्रक चिकटवलं. 'तुमच्याच सेक्रेटरींना विजेच्या बस हव्या आहेत', आणि खाली ते सात मुद्दे. फिटरच्या बाजूला उभी असलेली पोरं हळूच दोन पावलं लांब झाली.

आता सांगा, माणसानं काय विचार करावा? हे मुद्दे दोघांनाच ठाऊक. एकाच्या खांद्यावर लाल झेंडा, दुसऱ्याच्या दुकानावर उजव्या पक्षाची पाटी. फिटरनं माणसं तपासलीच नाहीत, झेंडे तपासले. तसाच तरातरा दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर मेहुण्यांवर तुटून पडला.

"सोळा वर्षं तुमचा चहा प्यायलो, त्याचे हे पांग फेडलेत? हेरगिरी करायला स्टूल मांडलं होतं का माझ्यासाठी?"

"दाजी, आधी बसा," मेहुणे म्हणाले.

"बसतोय कशाला? आजपासून घरचा माणूस म्हणून इथे पाय ठेवणार नाही. आलोच कधी, तर गिऱ्हाईक म्हणून येईन!"

मेहुण्यांनी स्वतःच्या बचावात एक शब्द काढला नाही. फिटरला वाटलं, चोर गप्पच बसणार. बायको घरी काही सांगायला आली, तर तो म्हणाला, "तुझ्या भावाचं नाव या घरात काढायचं नाही."

एकोणिसाव्या दिवशी संप मिटला. करार अध्यक्षांनीच केला. विजेच्या बस येणार, पण त्यांचं काम डेपोचेच कामगार शिकणार आणि करणार. फिटरला आधी आनंदच झाला. हे तर त्याचेच सात मुद्दे! आता अध्यक्ष सगळ्यांना सांगतील, की हे डोकं कोणाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीची बैठक भरली. तापलेली पोरं म्हणत होती, संप विकला गेला, कुणी विकला ते सांगा. अध्यक्षांनी खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"आपल्यातलाच एक जण आधीच फुटला होता," ते म्हणाले. "मग मी तरी काय करणार होतो? मिळालं ते पदरात पाडून घेतलं."

फिटरनं कागद पाहिला. तेच पान, तोच तेलकट अंगठा. मेहुण्यांना त्यानं सगळं तोंडी सांगितलं होतं, कागद कधी दाखवलाही नव्हता. कागद जगात एकाच माणसाकडे होता.

"हा मी तुझ्या हातात दिला होता," फिटर म्हणाला.

अध्यक्ष खिडकीकडे बघत होते. त्यांनीच मुद्दे व्यवस्थापनाला पुरवले, तेच वापरून करारावर सही ठोकली, आणि पोरांच्या रागाला एक बकरा हवा होता, तो बावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आयता बसलेला होता. राग येण्याआधी फिटरला त्यांची लाज वाटली. मग राग आला.

त्याला काढायचा ठराव आला. दहा हात वर झाले. त्यातला एक हात धुरावर बोलणाऱ्याचा होता. त्याच सकाळी खड्ड्यात उतरताना तो कुजबुजला होता, "फिटरभाऊ, तुमचंच बरोबर होतं."

"लिहून घे," अध्यक्ष म्हणाले आणि नोंदवही त्याच्याकडेच सरकवली. सेक्रेटरी अजून तोच होता ना.

फिटरनं ठराव लिहिला. स्वतःचंच नाव त्यात नीट, रेघेवर लिहिलं. सवयीनं 'ए' काढायला पेन टेकलं आणि त्याला स्टोअरकीपरचे डोळे आठवले. त्यानं लिहिलं, 'दहा विरुद्ध एक'.

"असं लिहीत नाही आपण," अध्यक्ष म्हणाले.

"माहीत आहे," फिटर म्हणाला. "बावीस वर्षं मीच लिहीत नव्हतो."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "दादाचं पद गेलं, ते तरी माहीत आहे का तुम्हाला? पत्रक लागण्याआधीच गेलं. त्याच्या पक्षातल्यांनी सांगितलं होतं, तुझ्या दाजींकडून संपाचं काय ते काढून आण. दादा म्हणाला, माझं दुकान आहे, पोलीस चौकी नाही. तेच सांगायला मी आले होते त्या दिवशी, तुम्ही तोंड बंद केलंत."

फिटर चपला घालून तडक निघाला. वाटेत त्यानं मनाशी दहा वाक्यं जुळवली आणि दहाही मोडली. दुकानात मेहुणे एकटेच होते. मांडणीमागच्या स्टुलावर रंगाचे डबे रचलेले होते. दुकानाबाहेरची पक्षाची पाटीही उतरवलेली होती, भिंतीवर नुसती चार भोकं उरली होती.

मेहुण्यांनी मान वर केली. राग नाही, कुत्सितपणा नाही. कुणाही माणसाशी बोलावं तशा आवाजात ते म्हणाले, "या. बोला, काय देऊ?"

माफी मागायलाच फिटर आला होता. पण तो म्हणाला, "खिळे द्या. पाव किलो."

"कितीचे? एक इंची की दोन इंची?"

"कुठलेही."

मेहुण्यांनी खिळे तोलले, कागदात नीट बांधले आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतात तशी पुडी पुढे केली.