एका लायसनचे दोन वाटे

पोती उचलली की खाली चार दाणे सांडलेले सापडतातच. किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण दुकान झाडायला घेतलं की निघतात. वरवट बकालमध्ये आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. माझी दोन पोरं ते चालवतात, मोठा रमेश आणि धाकटा नितीन. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसते. मला वाचता येत नाही, पण डोळे-कान शाबूत आहेत. दुकानात बिलं करायचं सॉफ्टवेअर आल्यापासून मी जे जे पाहिलं ते माझ्या सासूला सांगितलं असतं, तर तिनं आधी माझी दृष्ट काढली असती.

०

खामगावचा वानखडे ते सॉफ्टवेअर बसवायला आला तो दिवस. बिल झालं, कागद निघाला, सगळे खूश. मी जवळ जाऊन पाहिलं तर पडद्यावर रांगेनं बटणं, आणि निम्म्याहून जास्त बटणांवर बारकी बारकी कुलपं.

"हे काय आहे बाप्पा?"

"ते ॲड-ऑन आहे, आजी. जादाचं काम. गोदामातला माल पाह्याचा असन तर त्याचं लायसन वेगळं. बिल मराठीत छापाचं असन तर वेगळं. व्हॉट्सॲपवर पाठवाचं असन तर तेबी वेगळं."

"म्हंजे हे सारं या डब्यात आहेच?"

"हाव, आहेच ना."

"मंग कुलूप काऊन?"

"लायसन घेतलं का उघडते. वर्षभर."

"अन् वर्षानं?"

"परत लागते."

वानखडे हसत होता. मला हसू येईना. जातं विकत घ्यायचं आणि खुंटा वर्षाच्या भाड्यानं, असा सौदा माझ्या हयातीत मी पहिल्यांदा पाहत होते. आणि माझी शिकलेली पोरं माना डोलवत होती!

०

त्या कुलपांपैकी व्हॉट्सॲपचं एक महिनाभर फुकट उघडून मिळालं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरायच्या आत त्याच्या खिशात बिल वाजायचं. लोकांना भारी कौतुक. काही जण बिल वाजेपर्यंत पायरीवरच उभे राहायचे.

महिना संपला. कोणाला काही न सांगता कुलूप परत बसलं.

नेमकं त्याच आठवड्यात गावातल्या तुळशीरामच्या नातवाचं बारसं होतं आणि रमेशला जायला जमलं नव्हतं. तुळशीराम खत घेऊन गेला, त्याचा फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर.

"रमेशभाऊ, तुमी बारशाले आले नाई, ते मी समजून घेतलं. पण माहं बिल बंद कराची काय गरज होती?"

"अहो काका, सगळ्याईचंच बंद झालं."

तुळशीराम काउंटरवर वाकला.

"सगळ्या गावाशीच भांडले काय मंग?"

त्याच संध्याकाळी रमेशनं व्हॉट्सॲपचं लायसन घेतलं. पाठोपाठ मराठी बिलाचं, मग गोदामाचं. एकेक कुलूप निघत गेलं.

०

पेरणीच्या दिवसांत गर्दी आवरेना म्हणून दुसरा कॉम्प्युटर आणला. त्यावर नितीन बसला. पण सॉफ्टवेअरचं लायसन एकाच माणसाचं. एक आत शिरला की दुसरा आपोआप बाहेर फेकला जायचा, हातातलं बिल अर्धवट टाकून.

"नितीन, निंघ बाहेर."

"तू निंघ. मी आत्ताच आत आलो."

"मी मोठा आहे ना, मले राहू दे."

"मंग मी काय रस्त्यावर जाऊ?"

दिवसभर हेच. तेही एकमेकांकडे न बघता, आपापल्या पडद्याकडे बघून. पुढं गिऱ्हाइकांची रांग, सगळे कान देऊन ऐकत उभे.

उन्हं कलली तसा संग्रामपूरहून माझा धाकटा भाऊ, पोरांचा मामा, मोटरसायकलवर येऊन थडकला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"कोण कोणाले घराबाहेर काढून राह्यलं इथं?"

आधी आम्हाला काही उमजेना. मग उमजलं, आणि पोरं पोट धरून हसली. मामाला कॉम्प्युटर दाखवला, आत-बाहेरचा सगळा प्रकार समजावून सांगितला. मामानं ऐकून घेतलं, पण तो काही हसला नाही. निघताना मला एकटीला म्हणाला,

"बाई, मशीनसाठी बोलून राह्यले, मान्य. पण तोंडाले सवय तर लागली ना."



०

दुसऱ्या माणसाचं लायसन घेतलं. आता दोघं एकाच वेळी आत. मला वाटलं, मिटलं.

मग नितीनचे सासरे डोणगावहून आले. त्यांना फवारणीचा पंप हवा होता. रमेश एका मयतीला गेलेला. नितीननं सासऱ्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि म्हणाला, "तुमाले कमी लावतो." बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली. परत दाबलं, परत लाल पट्टी.

"काय म्हणते ते?" सासऱ्यांनी विचारलं.

नितीनचे कान तापले. "परवानगी नाई म्हणते."

सूट द्यायची तर मोठ्या भावाचा पासवर्ड लागायचा, आणि भावाचा फोन बंद. सासऱ्यांनी मुकाट्यानं पूर्ण भाव दिला, पंप खांद्याला लावला आणि जाता जाता एवढंच विचारलं,

"जावईबापू, दुकान तुमचंबी आहे ना?"

रमेश परत आला तेव्हा नितीन काउंटरवर हात टेकून उभाच होता.

"तुह्या सॉफ्टवेअरमंधी मी कोण आहे, ते आज समजलं मले."

"अबे, मी नाई केलं ते. बसवतानीच तसं होतं."

"मंग बदलव."

रमेशनं तिथल्या तिथं वानखडेला फोन लावला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. फोन ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "दोघाईले बरोबरीचा हक्क द्याचा तर त्याचं ॲड-ऑन वेगळं आहे म्हणते."

एका पोटच्या भावांच्या बरोबरीलाही लायसन लागतं, हे मी त्या दिवशी ऐकलं. नितीन जेवला नाही. सकाळी त्यानं वाटणी मागितली.

०

वाटणीला मामाच बसला. आमच्याकडची रीत अशी की वाटे मोठ्यानं पाडायचे आणि आधी धाकट्यानं उचलायचा. म्हणजे मोठा लबाडी करत नाही. रॅक वाटले, गोदाम वाटलं, माल वाटला. रस्त्यापलीकडची खोली नितीनच्या दुकानाला ठरली. मी खुर्चीवरून सगळं पाहत होते. राहिलं सॉफ्टवेअर.

"त्याचेबी वाटे पाड," मामा म्हणाला.

रमेशनं पाडले. एकीकडे नुसतं मूळ लायसन. दुसरीकडे सगळी ॲड-ऑन: गोदाम, मराठी बिल, व्हॉट्सॲप, दुसरा माणूस. नितीननं क्षणभर पाहिलं आणि ॲड-ऑनचा वाटा उचलला. मामा खूश झाला, धाकट्याकडे चार वस्तू जास्त आल्या म्हणून.

दोन दुकानं उघडली. नितीनच्या पडद्यावर कुलपांशिवाय काही दिसेना. इकडे रमेशचं बिल निघायचं ते इंग्रजीत, लोक कागद उलटा करून बघायचे, आणि गोदामात काय शिल्लक आहे ते विचारलं की रमेश स्वतः उठून बघून यायचा. शेवटी वानखडेला बोलावलं. तो आधी पलीकडच्या दुकानात गेला, मग डोक्याला हात लावून आमच्याकडे आला. मामा तिथंच बसलेला.

"असे वाटे कोणी केले? ॲड-ऑन मूळ लायसनबिगर चालतच नाई. वेल झाडापासून तोडून वेगळा लावल्यासारखं झालं हे."

"आमाले काय माईत बुवा," मामा म्हणाला. "पोराईलेबी माईत नसन."

"काऊन नसन? घेतानी मी दोघाईले समोर बसवून सांगतलं होतं. दोघाईनं खोदून खोदून इचारलंबी होतं."

 मी रमेशकडे पाहिलं. तो औषधाच्या बाटल्या सरळ करत होता, त्या आधीच सरळ होत्या.

"रमेश," मामा म्हणाला, "तुले माईत होतं, मंग असे वाटे काऊन पाडले बे?"

"त्यानं असा वाटा काऊन उचलला, ते त्याले इचारा."

मामा विचारायला वळला, तर नितीन दारातच उभा होता. दोन्ही हातांत त्याचा कॉम्प्युटर, वायरी मागं लोंबत.

"मामा, जरा सरका. वजन आहे."