वेणीचं वजन

मी हलक्या वजनाच्या गटात होडी वल्हवायची. लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या आमच्या गल्लीत हे कुणाला समजावून सांगणं अवघड होतं. वडील कापडाच्या लूम्सवर, आई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची, आणि मी सकाळी सायकल दामटत तापीवर, कॉजवेच्या बांधाने अडवलेल्या संथ पाण्यात. संध्याकाळी आई म्हणायची, "जेवी ले ना व, पोरी." मी चतकोर भाकरी खाऊन उठायची. ती चिडायची.

आमची दोघींची होडी होती. माझी जोडीदारीण गुजराती, माझ्याहून उंच, हाडापेराने मजबूत. नियम असा, की दोघींच्या वजनाची सरासरी ठरलेल्या आकड्यावर जाता कामा नये. तिचं वजन लवकर उतरायचं नाही, म्हणून मी माझं जास्त उतरवायची. यावर आम्ही कधी बोललो नाही.

राज्याच्या निवड चाचणीला आई पहिल्यांदा नदीवर आली. वजन झाल्या झाल्या मला खाता यावं म्हणून डबा घेऊन. काट्यावर आम्ही दोघी मिळून थोड्या जास्त भरलो. वजनाची वेळ अजून संपली नव्हती. घाम निघावा म्हणून स्वेटर चढवून भर उन्हात पळालो. जोडीदारीण मध्येच खाली बसली.

"मेरी वजह से तू भी रह जाएगी," ती म्हणाली.

"उठ," मी म्हटलं.

पुन्हा काटा. तरी किंचित जास्तच. आम्हाला शिकवणारे सर घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"कितलं जास्ती शे?" आईने विचारलं. मी चिमूट दाखवली.

तिने पिशवीतून धागे कापायची कैची काढली. माझी वेणी हातात घेतली आणि जराशी थांबली. ते केस तिनेच तेल लावून लावून वाढवले होते. मग मानेजवळून कापून टाकली. जोडीदारीण तिच्यापुढे पाठ करून बसली.

त्या दिवशी आम्ही दुसऱ्या आलो आणि संघात गेलो. पुढे काही वर्षं बरोबर खेळलो, एकदा राष्ट्रीय पदकही मिळालं.

मग मोठ्या स्पर्धांतून आमचा गटच काढून टाकला. वजनाची अट नसलेल्या खुल्या गटात माझी उंची पुरणार नव्हती, तिची पुरत होती. ती सांगायला घरी आली आणि बराच वेळ दुसरंच बोलत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "तू जा." ती रडली. मला मात्र ती गेल्यावर रडू आलं.

आता मी क्लबात मुलींना शिकवते. उपाशी राहून सरावाला आलेल्या मुलीला मी होडीत बसू देत नाही. जोडीदारीण अजून खेळते, शर्यतींचे व्हिडिओ पाठवते. नव्या मुलीबरोबर तिचा ताल कधी कधी चुकतो. ते दिसलं की मला वाईट वाटतं. थोडं बरंही वाटतं.