पंचवीस पावलांवरची बंदूक

निवृत्तीला वर्षं झाली, तरी त्या कोळ्याचा आवाज अजून माझी पाठ सोडत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीच्या खाडीकाठी मासळी सुकत घालणाऱ्या एका बाईच्या दंडात कुठूनतरी गोळी येऊन घुसली. मी तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. दुपारच्या चहाबरोबर टीप आली. खबऱ्या म्हणाला, "तिचा चुलत दीर, साहेब. जागेवरून भांडण आहे. लायसनची बंदूकही आहे त्याच्याकडे."

साठीच्या त्या कोळ्याला उचलून आणलं.

"बंदूक कुठं लपवलीस?"

"तुमचेकरंच हाय, साहेब."

मला वाटलं, हा थट्टा करतोय. मी कानाखाली वाजवली. हवालदार हसला, "आमच्याकडे? मग शिक्कापण आमचाच असेल!"

गाल धरून तो म्हणाला, "हाय ना."

संध्याकाळपर्यंत त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं. मग मुद्देमाल कारकून कोर्टातून परतला. बाकड्याकडे बघून म्हणाला, "साहेब, निवडणूक लागली तेव्हाच यानं बंदूक जमा केलीय. मीच पावती दिली."

"पावती दाखवायची ना!" मी कोळ्यावरच ओरडलो.

"घरान हाय. तुमी जाव दिलाव कवा?"

मुद्देमाल खोलीत ती ठासणीची बंदूक भिंतीला टेकून उभी होती. सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर आमच्याच ठाण्याचा शिक्का होता.

तेवढ्यात इस्पितळातून डॉक्टरांनी काढलेली गोळी आली. बारीक, शिशाची, पॉइंट टू टूची. हातात घेतली आणि मी खुर्चीत बसलो. निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका जमा होत्या. आमच्या हद्दीत तशी रायफल एकाच माणसाकडे राहिली होती. मानपाड्याच्या बाजूला कारखाना असलेला एक हौशी नेमबाज. खेळाडू म्हणून त्याला सूट होती आणि शिफारस माझीच होती.

खरं सांगतो, त्याच्या खाडीपलीकडच्या जागेवरचे ते रविवार मला आजही प्रिय आहेत. वाळूच्या पोत्यावर टेकवलेली रायफल, तेलाचा वास, तिवरांतून उडणारे बगळे. परदेशातून त्याने रायफलीवर बसवायची, नेम धरायची नवी नळी आणली होती. आत बघितलं की लाल ठिपका दिसे. तो लक्ष्यावर ठेवायचा आणि घोडा दाबायचा. ठिपका आणि गोळी एका जागी जुळवून देण्याचं काम माझं. पंचवीस पावलांवर कागद लावला, मागे मातीचा बांध. एकेक गोळी झाडून, भोक बघून, स्क्रू थोडा थोडा फिरवत मी ते जुळवलं. तीन गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या. त्याने टाळ्या वाजवल्या. मटण वाढलेलं होतं, मी उठलो. नळी काढून परत बसवली की सगळं पुन्हा जुळवावं लागतं, हे सांगायचं राहून गेलं.

त्या बाईला गोळी लागली त्या दिवशी त्याने ती नळी पाहुण्यांना दाखवायला काढली होती. पुन्हा बसवून गोळ्या झाडल्या, तेव्हा कागदावर एकही भोक पडेना. आमच्या पोलिसांच्या गोळीबार रेंजवरचा साधा नियम आहे, पहिली गोळी कुठे गेली ते कळल्याशिवाय दुसरी झाडायची नाही. तो झाडत राहिला. गोळ्या बांधावरून खाडीपार गेल्या.

त्याने कबूल केलं. जबाब लिहिताना हळूच म्हणाला, "साहेब, तुमचं नाव घेत नाही." मी मान खाली घालून लिहीत राहिलो. गुन्हा दाखल झाला, माझ्या रविवाराचा उल्लेख मात्र कुठल्याच कागदावर आला नाही. ती बाई वाचली, पण तिचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

निवडणुकीनंतर कोळी बंदूक न्यायला आला. मी स्वतः ती आणून दिली. "काका, चुकलो," म्हणालो. त्याने बंदुकीवरून हात फिरवला, रजिस्टरवर अंगठा उठवला आणि मुद्देमाल खोलीच्या दाराकडे बघितलं.

"त्या दिवशी येवरीच पावला टाकली असती, साहेब, तं झाला असता."

त्यानंतर कोणाचीही चौकशी करताना त्याचं पहिलं वाक्य मी आधी पडताळून बघायचो. त्या दिवशी कोळी गेल्यावर मी माझ्या टेबलापासून त्या दारापर्यंत चालून पाहिलं होतं. पंचवीस पावलं भरली.