मनकर्णाबाईचं बोट

शेंदूरजनाघाटात संत्र्याचा बगीचा फळं झाडावर असतानाच विकला जातो. व्यापारी बांधावर उभा राहतो आणि त्याचा जाणता माणूस झाडांखालून फिरून माल किती ते सांगतो. वामनरावांचा हा जाणता माणूस बाई होती, आणि वीस वर्षं झाली तरी त्यांना ते पचलेलं नव्हतं.

मनकर्णाबाई एक फांदी धरून तिच्यावरची फळं मोजायची, मान वर करून झाडाला फेरी मारायची आणि आकडा सांगायची. तोडणी झाल्यावर झाडामागे दहा-वीस फळांचा फरक निघाला तर निघाला. बाईमाणसाला हे जमतं कसं, याचं उत्तर वामनरावांना मागच्या उन्हाळ्यात सापडलं.

अमरावतीच्या कॉलेजातून सुगत नावाचा एक संशोधक आला होता. लोकांच्या उजव्या हाताचे ठसे कागदावर घ्यायचे आणि पट्टीनं बोटं मोजायची, हे त्याचं काम. पुरुषांचं अंगठीचं बोट अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटापेक्षा बहुधा जरा लांब असतं, बायकांत हा फरक कमी. त्याचा धाडसाशी, स्वभावाशी काही संबंध आहे का, ते त्याला तपासायचं होतं. ही सरासरी आहे, एकट्या माणसाचं यावरून काही सांगता येत नाही, हे त्यानं दोनदा बजावलं. ऐकतो कोण!

"बोटाला कधी इजा?" त्यानं मनकर्णाबाईला विचारलं.

"नाई, काई नाई. लिवा पुढचं," वामनराव म्हणाले.

बाईचं अंगठीचं बोट पहिल्यापेक्षा चांगलं नखभर लांब निघालं. वामनरावांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हनत नव्हतो! हात मर्दाचा हाये इचा!"

बाईला ते फार लागलं. चाळीस वर्षं मान मोडून कमावलेली नजर एका बोटाच्या नावावर जमा झाली. पण तेव्हा ती गप्प बसली, आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग येत राहिला.

यंदा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आपल्या जागी तिनं नात आकांक्षाला उभं केलं. पोरगी सहा वर्षं तिच्या मागे बगीचे तुडवत होती. दुसरं काही तिला नको होतं.

वामनराव पोरीच्या हाताकडे बघून म्हणाले, "इले नाई जमत. आमचा शेखर पाह्यते बगीचा."

शेखर त्यांचा पुतण्या. झाडावरचं फळ त्यानं खाण्यापुरतंच पाहिलेलं.

"काहून नाई जमत?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"बोटं बरोबरीची हायेत इची. तुही गोष्ट येगळी."

बाईनं डावा हात त्यांच्या तोंडासमोर धरला. दोन्ही बोटं सारखी होती, थेट आकांक्षासारखी.

"हा माहा जन्माचा हात. उजव्याचं पह्यलं बोट नऊ वर्साची असतानी हिवरखेडले बंडीच्या चाकाखाली चेंदलं, ते मंग वाढलंच नाई. तुमी ज्याले मर्दाचा हात म्हनता ना भाऊ, तो बंडीनं मोडलेला हात हाये."

बांधावरची माणसं हसायला लागली. शेखरनं आपला हात खिशात घातला.

"मंग तवा काहून नाई सांगतलं?" वामनराव चिडले.

"इचारलं मले होतं. सांगतलं तुमी."

आकांक्षा एव्हाना पहिल्या झाडाला फेरी मारून आली होती. वामनरावांनी सवयीनं मनकर्णाबाईकडे पाहिलं. "किती?"

"मले नका इचारू. झाड तिनं पाह्यलं."

मग ते पोरीकडे वळले.

"किती व?"

"साडेसातशे," आकांक्षा म्हणाली. "तोडून मोजा."